पाणी मुरलं का? उपग्रहाला विचारायचं की विहिरीला

सोलापूर जिल्ह्यात सांगोला-मंगळवेढ्याकडं नाला खोलीकरण झालं, बंधारे बांधले की कामांचा आकडा आणि फोटो लगेच मिळतात. पाणी मुरलं का, हा प्रश्न वेगळा. राज्य सरकारच्या 'जलयुक्त शिवार' योजनेबाबत कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेनं, २०२० मध्ये नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. ते तपासायचे दोन मार्ग आहेत.

उपग्रह: युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट, २०१५ पासूनची मिळतात, चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. अख्खा तालुका एका नजरेत. पण हिरवं दिसलं म्हणजे ते बंधाऱ्याचंच पाणी, असं नाही. कॅनॉलवरचा ऊस किंवा ठिबकवरचं डाळिंबही असेल. ऐन पावसाळ्यात ढगांमुळं काहीच दिसत नाही, ते वेगळंच.

विहीर: कठड्यावर रंगानं खूण करायची, तिथून टेप सोडून पाण्यापर्यंतचं अंतर लिहायचं. तेही मोटर सुरू व्हायच्या आधी. नाहीतर आकडा उपशाचा निघतो. चार लोकांसमोर मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला आकडा सहजी खोडता येत नाही. मात्र बंधाऱ्याला खेटून असलेलीच विहीर धरली तर निकाल आधीच ठरला! काम न झालेल्या शेजारच्या गावातलीही एक हवी, जोडीला पर्जन्यमापकाची नोंद. चांगल्या पावसाचं श्रेय बंधाऱ्यानं कशाला खायचं?

निवडायचंच तर मी विहीर धरीन. कुठल्या विहिरी मोजायच्या, ते ठरवायला उपग्रहाचं चित्र.