काजू कारखान्याचे खरेदीचे कागद: पार्टीवार की महिनावार?

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या छोट्या काजू कारखान्यात खरेदीचे कागद दोन जातींचे असतात. मार्च ते मे बागायतदार बी घेऊन येतात, त्यांचे. आणि डबे, पिशव्या, बॉयलरची दुरुस्ती, टेम्पोभाडं, यांचे वर्षभराचे. फोल्डर ठरवताना आधी हा फरक बघा.

पार्टीवार, म्हणजे विकणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा फोल्डर, लावलं की एका डबेवाल्याची ऑर्डर, चलन, बिल, पेमेंट सगळं एका जागी. भाव काय ठरला होता, डबे कमी आले का, हे फोनवर बोलता बोलता सापडतं. शिवाय उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत चुकली आणि वर्षही सरलं, तर आयकरातली वजावट पैसे देऊ त्या वर्षी मिळते. म्हणून त्याचं उद्यम प्रमाणपत्र त्याच फोल्डरात सगळ्यात वर ठेवा.

बागायतदारांसाठी मात्र ही पद्धत डोकेदुखी. दोनशे माणसं म्हणजे दोनशे फोल्डर, प्रत्येकात दीड कागद! इथे महिनावारच बरं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या काजू बीवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणारा म्हणून, आपण भरतो, आणि शेतकरी नोंदणीकृत नसल्याने बिलही आपणच आपल्यासाठी फाडतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून माल मिळाल्यापासून ३० दिवसांत ते झालं पाहिजे. एप्रिलचा फोल्डर उघडला की कुठली काट्याची (वजनाची) पावती बिलाविना राहिली ते लगेच कळतं. सीएसुद्धा खूश.

तेव्हा माझं मत: वर आर्थिक वर्ष, त्यात बी महिनावार, बाकी सगळं पार्टीवार. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. क्रम आपोआप लागतो.

बॉक्स फाइल की कॉम्प्युटर? दोन्ही. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे, म्हणजे आपल्याकडचे सहा पावसाळे. जुलैत कपाटाला बुरशी येते, ती फायलींना सोडत नाही. काट्याची पावती तर थर्मल कागदाची, दिवाळीपर्यंत कोरी. तिचा फोटो त्याच दिवशी काढा.

फक्त एकच बिल दोन फोल्डरांत टाकू नका. आमच्याकडून डब्यांच्या एका बिलाचे पैसे असेच दोनदा गेले; ते पुढच्या दोन ऑर्डरींत वळते करून घ्यावे लागले.