सीमलेस म्हणून आलेला पाइप: घरी बाइकची फ्रेम बांधणाऱ्यांनी पैसे देण्याआधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरच्या शेडमध्ये स्वतः फ्रेम बांधायला घेतलेल्या सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे. 'सीमलेस क्रोमोली' म्हणून, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा बिनजोडाचा म्हणून, कोणी पाइप विकायला आला, तर तो मधोमध कापून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मला त्या नावाखाली फर्निचरचा जोडाचा पाइप दिला गेला. नुसता दिला नाही, तर तपासणाऱ्याच्या हाताला काही लागू नये अशी तयारी करून दिला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फ्रेम जुन्या ३५० सीसी बुलेटच्या इंजिनासाठी होती, आमच्या खानापूरकडच्या शेतात आणि माळावर चालवायला. रस्त्यावर नेण्यासाठी नाही. जिग (फ्रेम जोडताना पाइप जागेवर धरणारा साचा) तयार होती, हेड पाइप (हँडलचा दांडा ज्यात फिरतो तो पुढचा तुकडा) लेथवर करून आणला होता, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश तयार होते. राहिला होता तो चांगला पाइप. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत साधा पाइप हवा तेवढा मिळतो, पण ४१३० ग्रेडचा, म्हणजे क्रोमोलीचा, पाइप एक-दोन लांबीत कोणी देत नाही. नेमकी ही अडचण ओळखून हे लोक फोन करतात. माणूस कोल्हापूरकडचा असल्याचं सांगत होता. बोलणं एकदम गोड. "अण्णा, काय काळजी करू नकासा. विमानाला लागतो तो माल हाय ह्यो. जोड दिसला तर पैसे परत." अर्धे पैसे आधी, अर्धे टेम्पोतून माल उतरल्यावर.

माल उतरला तेव्हा मी मापापासून वजनापर्यंत सगळं बघितलं, असं आमचे मेस्त्री अजून सांगतात. दोन्ही टोकांना व्हर्निअर लावला, बोट आत घालून फिरवलं, काट्यावर लांबी ठेवली. बाहेरचा व्यास ३२ मिमी, जाडी २ मिमी. हिशोब सोपा आहे: व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा, की मीटरचं वजन किलोत मिळतं. इथे ते १.४८ येतं, म्हणजे सहा मीटरला ८.९ किलो. काटा बरोबर तेवढंच दाखवत होता. बोटाला आतून गुळगुळीत लागलं. त्याच्या माणसाने लोहचुंबक लावून "बघा, ओरिजिनल" म्हटलं. त्या चुंबकाला काही अर्थ नाही. साधं पोलाद आणि क्रोमोली दोन्ही चुंबकाला सारखंच चिकटतात.

खरी गोष्ट डाउन ट्यूब (हेड पाइपपासून इंजिनाच्या पुढून खाली येणारा पाइप) कापताना बाहेर आली. लांबी मधून कापली, तोंडावरची बर कानशीने काढली आणि आत बघितलं, तर एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचीची धार सरळ रेषेत आत गेलेली. हीच वेल्डची आतली शीर. पट्टी गोल वळवून तिच्या कडा विजेने जोडतात, त्याला ईआरडब्ल्यू पाइप म्हणतात. जोडताना बाहेर आलेली शीर कारखान्यातच तासून काढतात, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. आतली बहुतेक वेळा तशीच राहते. मग टोकाला ती बोटाला का लागली नाही? बॅटरी धरून बघितलं तेव्हा उलगडा झाला. दोन्ही टोकांना वीतभर आत शीर घासून काढलेली होती, घासल्याच्या गोल रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि वरून काळं तेल फासलेलं. बोट पोचतं तिथपर्यंतच सीमलेस. ही चूक नव्हे, हा ठरवून केलेला उद्योग आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ईआरडब्ल्यू पाइप मुळात वाईट नाही. वाहनांच्या पाइपसाठी आपल्याकडे आयएस ३०७४ हे मानक आहे, आणि त्यात जोडाचे पाइपही बसतात. चांगल्या प्रतीच्या जोडाच्या पाइपवर कंपन्यांच्या फ्रेमा वर्षानुवर्षं चालतात. तसा पाइप तसा सांगून दिला असता, तर मी जाडी वाढवली असती आणि वाकवताना शीर वाकाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला न येता बाजूला ठेवली असती, म्हणजे तिच्यावर ताण कमी येतो. पण खुर्च्या-टेबलांचा पाइप क्रोमोलीच्या भावाने घेऊन, क्रोमोली समजून हेड पाइपला जोडायचा, हा जिवाशी खेळ आहे.

उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या फाउंड्रीत तुकडा चपटा करून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, लावला. आपल्या गावाला फाउंड्र्यांचं वरदान आहे, त्याचा उपयोग करून घ्या. ४१३० मध्ये क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असायला हवं. माझ्या तुकड्यात क्रोमियम नावालाच होतं आणि मॉलिब्डेनम नव्हतंच. म्हणजे साधं पोलाद. नॉर्मलाइज केलेलं (तापवून हवेत थंड केलेलं) ४१३० कायमचं वाकायला चारशे मेगापास्कलच्या वर ताण लागतो. साध्या पाइपच्या वायएसटी २१० ग्रेडला हमी असते ती २१० ची. म्हणजे जेमतेम निम्मी.

आणि सगळ्यात घातक भाग हा, की गाडी चालवताना हा फरक जाणवत नाही. दोन्ही पोलादांचा ताठपणा, म्हणजे भाराखाली किती लवतं ते, जवळपास सारखाच असतो, फरक असतो तो ताकदीत. फ्रेम हातात घट्ट लागेल, वळणावर बरोबर वागेल, महिनोन्‌महिने काही होणार नाही. मग एखाद्या जोरदार ब्रेकला किंवा खड्ड्यात हेड पाइपजवळ, वेल्डच्या कडेला चीर सुटेल. तिथे समोरचं चाक गाडीपासून वेगळं होतं.

मालाबरोबर मिलचं, म्हणजे पाइप बनवणाऱ्या कारखान्याचं, टेस्ट सर्टिफिकेटही होतं. कागद खरा दिसत होता, पण त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या एका ओतणीचा क्रमांक) पाइपवर कुठेच नव्हता. मी मिलला ईमेल केला. उत्तर आलं की तो हीट बॉयलर ट्यूबच्या ऑर्डरचा होता, मापही वेगळं. कुणाचा तरी कागद घेऊन त्यावरचं माप बदललेलं होतं. पाइपवर छापलेला किंवा ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळत नसेल, तर तो कागद तुमच्या पाइपचा नाही.

बिलाकडेही बघा. आपण सीमेवर राहतो म्हणून हे जास्त महत्त्वाचं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९. माझ्या बिलावर पत्ता बेळगावचा छापलेला आणि क्रमांक २७ ने सुरू होणारा. जीएसटीच्या वेबसाइटवर क्रमांक टाकल्यावर नोंदणी रद्द झालेली निघाली, तीही वेगळ्याच धंद्याची.

पैसे परत मागितल्यावर तो माणूस पासिंगवर घसरला. "फ्रेमवर चेसिस नंबर मारून देतो, केए-२२ नको असेल तर एमएच-०९ चं बघू." याला कोणीही बळी पडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या गाडीचा नंबर ठोकणं हा तर सरळ गुन्हा आहे.

पाइप घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्यासमोर मधून बोटभर लांबीची कडी कापून घ्या. एक कडी वाइसमध्ये दाबा. शीर दिसत असेल तर ती दाबाच्या दिशेला काटकोनात, म्हणजे बाजूला, ठेवा. कच्चा जोड तिथेच उघडतो. दुसऱ्या कडीचं तोंड बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करून त्यावर फेरिक क्लोराइड लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, हातमोजे घाला. आतून घासून काढलेला जोडसुद्धा बहुतेक वेळा वेगळ्या रंगाच्या पट्ट्यासारखा उमटतो. जो कडी कापू देत नाही, त्याचा माल घेऊ नका.

शेवटी तो म्हणाला, "तुमी कर्नाटकचे, मी महाराष्ट्रातला, कुठं जाणार केस घालायला?" त्याचं हे म्हणणं खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठल्याही राज्यातला असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ वर फोन करून नोंद करता येते. माझी तक्रार बेळगावातच दाखल आहे. त्याला कापलेल्या कड्या, स्पेक्ट्रोचा रिपोर्ट, मिलचा ईमेल, बिल आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडल्या आहेत. अशाच बोलीवर माल घेतलेल्यांनी उरलेला तुकडा भंगारात घालू नये, आणि फ्रेम टॅक करून (वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरती जोडून) झाली असली तरी वेल्ड पूर्ण करण्याआधी एक कडी कापून बघावी.