चेनमेलचे दागिने: अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या की स्टीलच्या?

चेनमेल म्हणजे धातूच्या कड्या एकमेकींत ओवून केलेली वीण. तिच्यासाठी नवशिक्याने पहिल्या कड्या कुठल्या घ्याव्यात, यावर माझं मत सरळ आहे: अ‍ॅल्युमिनियमच्या.

कारण हात. प्रत्येक कडी दोन पकडींनी उघडायची, ओवायची, मिटवायची. आणि एका ब्रेसलेटला शंभराहून जास्त कड्या सहज लागतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने मुकाट वळतं. स्टेनलेस स्टील उसळतं: तोंडं जुळलीशी वाटतात आणि पकड सैल करताच फट दिसते. त्यामुळे कडी थोडी पुढे ढकलून मग मागे आणावी लागते. तासाभरात मनगट बोलू लागतं.

तरी रोज घालायचं ब्रेसलेट मी स्टीलचंच करीन. ते वजनाला जवळपास तिप्पट. हाताला भरीव लागतं, कडी सहसा उघडत नाही, चमक टिकते. अ‍ॅल्युमिनियम ओढ बसली की फाकतं, आणि साध्या अ‍ॅल्युमिनियमचा काळा डाग कातडीवर उतरतो. अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कठीण थर चढवलेल्या, रंगीत कड्यांचं तसं होत नाही, पण त्यांच्यावर पकडीचे ओरखडे लगेच दिसतात. लांब कानातल्यांना मात्र हलकं अ‍ॅल्युमिनियमच बरं. स्टीलमध्ये बहुधा निकेल असतं. त्याची अ‍ॅलर्जी असेल तर विषयच संपला.

मापाचा नियम दोन्हींना एकच: आतला व्यास भागिले तारेची जाडी. बायझंटाइन या दोरीसारख्या दिसणाऱ्या विणीला हे गुणोत्तर साधारण ३.५ हवं. गेजवर, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकावर, विसंबू नका, मिलिमीटर विचारा. एका पद्धतीत १८ गेज म्हणजे १.२२ मिमी, दुसरीत १.०२.