ऑफिसचा संगणक घरून: आरडीपी, व्हीपीएन की एनीडेस्क?

ऑफिसचा संगणक घरून कसा चालवायचा, या प्रश्नावर पहिला सल्ला ठरलेला असतो: एनीडेस्क हे लांबून संगणक चालवायचं ॲप टाका आणि सुरू करा. तो चालतोही. पण सुरुवात ॲपपासून केली की बाकीचं सगळं त्या ॲपच्या मागे फरफटत जातं. म्हणून आधी हे ठरवा की ऑफिसातलं तुम्हाला नेमकं काय हवंय. काही फाइल्स? ऑफिसच्या नेटवर्कवरचा एखादा सर्व्हर? की तुमच्या टेबलावरचा तोच संगणक, त्यातल्या महागड्या सॉफ्टवेअरसकट?

नुसत्या फाइल्स हव्या असतील तर या भानगडीत पडूच नका. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह किंवा ऑफिसने जे काही दिलं असेल त्यावर फाइल ठेवा आणि घरी उघडा. एक एक्सेल शीट बघायला अख्खा संगणक लांबून चालवायची गरज नाही.

व्हीपीएन की रिमोट डेस्कटॉप? या दोन्हींबद्दल लोक एकाच दमात बोलतात, पण कामं वेगळी आहेत. व्हीपीएन तुमच्या घरच्या संगणकाला ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणून बसवतं. प्रोग्राम घरच्याच मशीनवर चालतो, डेटा मात्र ऑफिसातून वाहत येतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रोग्रामही ऑफिसात आणि डेटाही ऑफिसात. घरी येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र, आणि उलट जातात ते माऊसचे क्लिक आणि कीबोर्डचे ठोके.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, कामात नाही. शेअर फोल्डरमधली मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची डेटाबेस फाइल व्हीपीएनवरून थेट उघडली तर एक तर ती रेंगाळते, आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर फाइल खराब होण्याची भीती असते. हेच काम रिमोट डेस्कटॉपवर करा: घरचं नेट गेलं तरी ऑफिसात प्रोग्राम उघडाच राहतो, पुन्हा जोडलं की होता तिथून पुढे. शिवाय व्हीपीएनमुळे घरचा संगणक नेटवर्कच्या आत येतो, म्हणजे त्यावर काही व्हायरस असेल तर त्यालाही आत शिरायला वाट मिळते. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर ही काळजी पुष्कळ कमी. मुलं गेम खेळतात त्या संगणकावर मी व्हीपीएन टाकणार नाही.

आता आरडीपी, म्हणजे विंडोजमधलंच रिमोट डेस्कटॉप. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, पण ऑफिसच्या मशीनवर विंडोज प्रो किंवा एंटरप्राइज हवं. होम आवृत्तीत बाहेरून लॉगिन करता येत नाही. घरच्या बाजूला मात्र होम चालतं, मॅक चालतो, फोनही चालतो. दोन मॉनिटर, घरचा प्रिंटर, कॉपी-पेस्ट हे सगळं नीट होतं. आणि तुम्ही घरून जोडलं की ऑफिसातली स्क्रीन आपोआप लॉक होते. पगाराचे हिशोब करणाऱ्यांसाठी एवढी एक गोष्टच पुरेशी आहे.

आरडीपीची दुखरी जागा एकच: पोर्ट ३३८९, म्हणजे ज्या क्रमांकाच्या दारातून ते मशीनमध्ये येतं ते दार. राउटरवर तो इंटरनेटला उघडा करून द्यायचा शॉर्टकट अजूनही सर्रास सांगितला जातो. तो करू नका. अशी उघडी मशीन्स शोधून पासवर्डचे अंदाज लावत बसणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. २०१९ साली आरडीपीत ब्लूकीप नावाचा दोष सापडला, त्यातून शिरायला तर पासवर्डचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच सपोर्ट बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून गांभीर्य लक्षात यावं. पोर्टचा नंबर बदलल्याने फारसं काही साधत नाही. आरडीपी वापरायचं तर व्हीपीएनच्या आतून. थोडक्यात, मोठ्या ऑफिसात या दोघांत निवड नसतेच, जोडी असते.

उरले क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर. यांचं मोठं सुख म्हणजे राउटरला हात लावावा लागत नाही. दोन्ही संगणक आपणहून बाहेर कनेक्शन करतात आणि ॲप बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. विंडोज होमवरही चालतात. पण ऑफिसातली स्क्रीन एरवी उघडीच राहते: तुम्ही घरून टाइप करता आणि शेजारच्या टेबलावरून ते दिसतं. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअरमध्ये स्क्रीन काळी करायची सोय आहे, ती चालू करायला हवी. त्या दोघांची फुकट आवृत्ती खासगी वापरापुरतीच असते. ऑफिसचं काम त्यात बसत नाही, आणि व्यावसायिक वापराचा संशय आला की टीमव्ह्यूअर सेशन तोडायलाही कमी करत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आणि साधं आहे: गुगल खातं आणि किमान ६ अंकी पिन. त्या गुगल खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन नसेल तर मात्र ते आधी लावा.

माझं मत: ऑफिसात आयटीवाले असतील तर त्यांना विचारा आणि ते देतील तेच वापरा. न विचारता टाकलेलं रिमोट ॲप हा अनेक कंपन्यांत थेट नियमभंग असतो. चार माणसांचं ऑफिस, मशीन तुमचं स्वतःचं आणि काम अधूनमधून, तर क्रोम रिमोट डेस्कटॉप पुरे. रोज आठ तास बसायचं असेल तर व्हीपीएन उभारून आरडीपी घ्या. उभारणीचा त्रास एकदाच होतो. एनीडेस्क मी दुसऱ्याच्या संगणकाची अडचण सोडवण्यापुरतं ठेवीन.

काहीही निवडलंत तरी ऑफिसचा संगणक जागा हवा. स्लीप बंद करा. मॉनिटर बंद ठेवला तरी चालतो. वीज जाऊन परत आली की आपोआप सुरू होण्याची सेटिंग बऱ्याच डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) असते, ती लावा. आणि चाचणी ऑफिसच्या वायफायवर घेऊ नका, कारण एकाच नेटवर्कवर आरडीपी सहज जोडलं जातं आणि घरी गेल्यावर मात्र अडतं. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि मग बघा.