किडनीच्या नसेत स्टेंट : डॉक्टरांना पाच स्टार, डिस्चार्ज काउंटरला एक

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये. सोलापुरातलंच आहे. अण्णांच्या वेळी मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होतो, सगळीकडे हार्टच्या स्टेंटचंच, किडनीच्या नसेतल्या स्टेंटबद्दल (अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळीची नळी) मराठीत काही सापडेना म्हणून हे लिहितोय.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७१, चाळीस वर्षं लूमवर उभं राहून काढली आणि तेवढीच वर्षं बिडी. बीपीच्या चार गोळ्या चालू होत्या तरी वरचं १८० च्या खाली यायचं नाव नाही. जानेवारीत गड्ड्याच्या (आमची सिद्धेश्वरांची जत्रा) दिवसांत एका रात्री एकदम दम लागला, आडवं होता येईना, छातीत नुसती खरखर, रिक्षात घालून नेलं तर फुफ्फुसात पाणी. इको काढली, हार्टचं पंपिंग बरं. दीड महिन्यात परत तेच. मग किडनीच्या नसांची डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) केली आणि दोन्ही बाजूंनी अरुंद निघाल्या, डावी जास्त. त्याआधी एका डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केलेली तेव्हा क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे किडनीचं काम कमी झालं) १.४ चं २.१ झालं होतं आणि गोळी बंद केल्यावर १.७ वर आलं, ती खरं तर खूणच होती म्हणे, दोन्ही नसा अरुंद असल्या की त्या जातीच्या गोळीने किडनीच्या आतलं प्रेशर पडतं. आम्हाला काय माहीत, आम्ही गोळीलाच शिव्या घालत बसलो.

आता स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांबद्दल. माणूस एक नंबर. ओपीडीत बाहेर पन्नास जण बसलेले असताना वीस मिनिटं दिली, प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने दोन किडन्या काढून दाखवल्या आणि स्पष्ट सांगितलं की स्टेंट सगळ्यांना लागत नाही, २००९ चा अ‍ॅस्ट्रल आणि २०१४ चा कोरल असे दोन मोठे अभ्यास झालेत, दोन्हीत नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांपेक्षा स्टेंटवाल्यांना फार काही जास्त फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या फुफ्फुसात असं सारखं पाणी होतं त्यांची गोष्ट वेगळी. पटलं. काम पण सफाईदार, मांडीतून तार घातली, तासाभरात बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी बीपी १४०. चारच्या दोन गोळ्या झाल्या. दम परत एकदाही लागला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण त्याच्या आगेमागे जे हॉस्पिटल आहे ना, ते वेगळंच. एप्रिलातलं सोलापूर, बाहेर ४२, आणि अण्णांना रात्रीपासून उपाशी ठेवलेलं. सकाळी आठचा नंबर दुपारी दोनला लागला. पाणी पण नाही. डाय (एक्स-रेत नसा दिसाव्यात म्हणून रक्तात सोडतात ते औषध) देणार म्हणजे अंगात पाणी भरपूर पाहिजे, आधीपासून सलाईन चालू पाहिजे हे मला नंतर कळलं, इथे सलाईन लावली ती आत न्यायच्या अर्धा तास आधी आणि ती पण मी सिस्टरांच्या मागे लागलो म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन १.८, "छान आहे", झालं, डिस्चार्ज. डायचा परिणाम क्रिएटिनिनमध्ये दिसायला दोन तीन दिवस जातात, पण कार्डवर एवढंच : १५ दिवसांनी दाखवणे. मधे कधी रक्त तपासा, लघवी कमी झाली तर या, कुठली पेनकिलर खाऊ नका, एक अक्षर नाही. बिलात मात्र कापूस सुद्धा वेगळा लावलेला.

बाराव्या दिवशी आई अण्णांची नखं काढत होती. उजव्या पायाचं करंगळीचं आणि तिच्या शेजारचं बोट जांभळट निळं. पाय गरम, वरची नाडी लागतेय, पण बोटं अशी आणि पोटरीवर जाळीसारखे डाग. अण्णा म्हणतात चप्पल लागली असेल बे. मी हॉस्पिटलला फोन लावला तर तिकडची बाई म्हणते, स्टेंट पायात टाकलाय का, नाही ना, मग स्किनवाल्यांना दाखवा. आणि मी येडा, मेडिकलमधून मलम आणलं.

पंधराव्या दिवशी क्रिएटिनिन ३.४.

नंतर ज्या नेफ्रोलॉजिस्टकडे (किडनीचे डॉक्टर) गेलो त्यांनी आधी पायातला मोजा काढायला लावला आणि मग रिपोर्ट हातात घेतला. सीबीसीत (रक्तातल्या पेशींची तपासणी) इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, डॉपलरमध्ये स्टेंट उघडा, रक्त नीट चाललेलं. म्हणजे स्टेंट चांगला पण किडनी बिघडलेली, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला. त्यांनी सांगितलं ते असं की मोठ्या नसेच्या भिंतीवर वर्षानुवर्षं चरबीचा थर बसलेला असतो, तार त्याला घासून जाते, कोलेस्टेरॉलचा चुरा सुटतो आणि रक्ताबरोबर खाली जाऊन बारीक बारीक नसांमध्ये अडकतो, किडनीत पण आणि बोटांत पण. डायने चढलेलं क्रिएटिनिन बहुतेकदा आठ दहा दिवसांत उतरतं, हे चुऱ्याने वाढलेलं आठवड्यामागून आठवडे पायरी पायरीने चढतं आणि पुष्कळदा पूर्ण उतरत नाही. यावर खास असं औषध नाही. कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी ताब्यात, परत डाय नको, पेनकिलर नको, आणि वाट बघा. ३.९ पर्यंत गेलं, आता २.६ वर थांबलंय. डायलिसिस लागलं नाही.

खरं सांगायचं तर सहीच्या फॉर्मवर हा धोका छापलेला होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि सही माझीच आहे.

डाएटवाल्यांचं पण लिहितो. हॉस्पिटलने छापील कागद दिला, त्यात ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑईल. शेंगाचटणीबद्दल विचारलंच नाही, सोलापुरात! दुसरीकडे ज्या मॅडम भेटल्या त्यांनी पहिलाच प्रश्न केला, जेवताना चटणी किती चमचे? अण्णा म्हणाले चमचा कशाला, मुठीने. मग हिशोब निघाला, त्यात मीठ, वर शेंगदाण्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस. आता घरात बिनमिठाची करतात, एका जेवणाला एक छोटा चमचा, आई स्वतः मोजून वाढते आणि अण्णा कडक भाकरीचा तुकडा हातात धरून "कोरडी कशी गिळू गं" म्हणून रोज तेच नाटक करतात.

हॉस्पिटलला मी लेखी दिलंय, मॅनेजरनी चहा पाजला, बघतो म्हणाले. गेल्या महिन्यात शेजारच्या काकांची हार्टची अँजिओग्राफी (त्यात पण तार आणि डाय) तिथेच झाली, शुगरवाले आहेत, मुद्दाम त्यांचं कार्ड मागून बघितलं. १५ दिवसांनी दाखवणे. खाली रिकामी जागा होती तिथे मीच पेनाने लिहून दिलं, तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, आणि पायाची बोटं रोज बघा.