झोपेसाठी काय निवडावं: लेमन बाम, आस्कंद की दुधातलं जायफळ?

"वैनी, रात्रभर नुसतं पंख्याकडं बघालोय," खानापूरच्या माझ्या नणंदेनं गणपतीत सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. तुमच्या कुंडीतला लिंबाच्या वासाचा पाला घेऊ, आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधेच्या, गोळ्या सुरू करू, की आईसारखं दुधात जायफळ घालू? तिच्यासाठी जेवढं धुंडाळलं, ते इथं मांडते.

आधी एक गैरसमज. बेळगावात लेमन बाम म्हटलं की निम्म्या लोकांना गवती चहा आठवतो, उरलेल्यांना डोक्याला चोळायचा बाम. वास सारखा येतो तो सिट्रल या घटकामुळे, पण गवती चहा हे गवत आहे आणि लेमन बाम पुदिन्याच्या कुळातला. त्याचं पान पुदिन्यापेक्षा रुंद आणि सुरकुतलेलं असतं, कडेला दाते असतात. मूळ भूमध्य सागराच्या आसपासचं. गवती चहानं झोप येते असं ब्राझीलमध्येही मानत होते. १९८६ साली तिथल्या संशोधकांनी माणसांवर तपासून पाहिलं, तर झोपेवर किंवा अस्वस्थतेवर काही परिणाम दिसला नाही. पावसाळ्यात आलं घालून तो जरूर प्यावा, पण झोपेसाठी त्याच्यावर विसंबू नये.

लेमन बामची बाजू त्यापेक्षा भक्कम आहे. हलका ताण आणि झोप यांसाठी युरोपात त्याचा पारंपरिक वापर औषध नियामकांनी मान्य केलेला आहे: १.५ ते ४.५ ग्रॅम वाळका पाला, १५० मिली उकळतं पाणी, दिवसातून एक ते तीन वेळा, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना नाही. मेंदूला शांत करणारा गाबा नावाचा घटक मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) या पाल्यातली रोझमॅरिनिक आम्लासारखी द्रव्यं अडवतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आणि थोड्या दिवसांचे. म्हणून मी त्याला हलकं औषध म्हणते. संध्याकाळी डोक्यात विचारांचा गलका असेल, अंग ताठलेलं असेल, तर उपयोग होतो. महिनोन्‌महिन्यांच्या निद्रानाशाला तो पुरणार नाही.

काढा करताना पाला उकळू नका. वरून गरम पाणी ओतून दहा मिनिटं झाकण ठेवा. याच्यात तेल फारच कमी असतं, ते वाफेबरोबर उडून जातं. झाकण काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूचे थेंब बोटावर घेऊन हुंगा, लिंबाच्या सालीचा वास आला पाहिजे. दुकानातला वाळका पाला गवतासारखा वासत असेल तर पैसे वाया गेले समजा.

आस्कंद ताकदीनं यापेक्षा वरचढ. शास्त्रीय नावातलं 'सोम्निफेरा' म्हणजे झोप आणणारी. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दोन वेळा, आठ-दहा आठवडे, अशा चाचण्यांत ताण आणि झोप दोन्हींत सुधारणा दिसली आहे. पण आज गोळी घेतली आणि आजच डोळा लागला असं होत नाही. आणि 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून बेफिकिरीनं खाण्यातली ही गोष्ट नव्हे. क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, गरोदरपणात ती टाळायची असते, आणि डेन्मार्कनं तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. घ्यायचीच तर वैद्यांना विचारून, डब्यावर 'मूळ' लिहिलंय ना ते बघून.

जायफळ सहाणेवर दोन वेढे उगाळून दुधात, एवढंच. त्या कोमट दुधाचा आणि निवांत बसण्याचाही त्यात वाटा असावा. चमचाभर पूड कधीच नको. जास्त जायफळानं छातीत धडधड होते, भ्रमही होतात.

आता नणंदेच्या प्रश्नाचा खरा अडसर: ती रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते. अश्वगंधेनं थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात, लेमन बाम त्या ग्रंथीचं काम दडपण्याची शक्यता सांगतात. म्हणजे दोन्ही तिनं डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाहीत. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर हीच सावधगिरी. गुंगी वाढते, मग गाडी चालवणं धोक्याचं. ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच सांगून ठेवा.

हे काही आड येत नसेल, तर माझं मत लेमन बामच्या बाजूनं, तेही घरच्या कुंडीतल्या. आपली हवा थंड, त्याला मानवते. माझं पहिलं रोप मात्र जुलैच्या झडीत मुळाशी कुजून गेलं, मी रडकुंडीला आले होते. आता पावसाळ्यात कुंडी पागोळीपासून आत, ओसरीवर, आणि मातीत निम्मी वाळू. बी अगदी बारीक असतं, मातीखाली पुरायचं नाही, वरच भुरभुरायचं. फुलं येण्याआधी शेंडे खुडले की पाला दाट होतो.

नणंदेला मी कुंडी दिली नाही अजून. आधी डॉक्टरांना विचारून ये म्हटलं, आणि रात्री साडेनऊचा चहा आजपासून बंद कर. तो तिनं बंद केलाय. रोप फांदीवरून लावून ठेवलंय, मुळं धरलीत.