फ्लॅटलँड सहा महिने वापरल्यावर

सहा महिने झाले, ऐरोलीहून ठाण्याला घरी पोचलं की रात्री तासभर फ्लॅटलँड चालवते. पायथनमधलं रेल्वेचं सिम्युलेशन आहे, मूळ स्विस फेडरल रेल्वेचं, ग्रिडवर रूळ, प्रत्येक गाडी म्हणजे एक एजंट (स्वतः निर्णय घ्यायला शिकणारा प्रोग्राम) आणि एका चौकोनात एका वेळी एकच गाडी. पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायचं साधन) फ्लॅटलँड-आरएल टाकलं की झालं, इन्स्टॉलला त्रास नाही. त्रास जुन्या ट्युटोरियल्सचा, त्यांत कुठली गाडी कुठून कुठे जाणार ते ठरवायला शेड्यूल जनरेटर असतो आणि तिसऱ्या व्हर्जनपासून त्याच्या जागी लाइन जनरेटर, म्हणून आधी व्हर्जन बघा.

मी सुरुवातीलाच दहा गाड्या सोडल्या आणि रात्रभर ट्रेनिंग लावलं, सकाळी बघते तर एकही पोचलेली नाही. दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या की संपलं, मागे घेता येत नाही (उलटं फिरणं फक्त रूळ संपतो तिथे), आणि मागून येणाऱ्या त्यांच्यामागे रांग लावतात. त्यामुळे दोन गाड्या, दोन शहरं, तीस बाय तीसचा ग्रिड एवढ्यानेच सुरू करा आणि मॉडेलच्या आधी असा डेडलॉक (कायमची कोंडी) ओळखणारा कोड लिहा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. ॲक्शन पाच आहेत पण खरा निर्णय सांध्यापाशीच (रूळ फुटतात तिथे) असतो, मधल्या सरळ रुळावरचा डेटा न्यूरल नेटवर्कला भरवून मी बरेच दिवस घालवले.

ट्री ऑब्झर्वेशन, म्हणजे एजंटला पुढचे रूळ झाडासारखे दाखवायची पद्धत, मला मनापासून आवडलं. गाडीपासून पुढच्या सांध्यापर्यंत एकेक फांदी, डेप्थ (किती पायऱ्या पुढे बघायचं) २ ठेवली तर २१ नोड. पण जिथे फांदीच नाही तिथे इन्फिनिटी येते, नॉर्मलाइज नाही केलं (आकडे ठरावीक मर्यादेत नाही आणले) तर लॉस, म्हणजे मॉडेलच्या चुकीचं माप, सरळ नॅन (आकडाच नाही).

शहरांमधले रूळ एकाचे दोन केले, मॅक्स रेल्स बिटवीन सिटीज, आणि गाड्या पोचायला लागल्या! २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, मेल-एक्सप्रेससाठी वेगळे रूळ का लागतात ते इतकी वर्षं लोकलने फिरून नाही, इथे कळलं.

मालफंक्शन चालू केलं की मात्र सगळं विस्कटतं, एक गाडी मध्येच बंद पडते आणि बाकीच्यांचा क्रम बदलावा लागतो. २०२० च्या न्यूरिप्स (एआयची परिषद) मधल्या फ्लॅटलँड स्पर्धेत पहिला नंबर रीइन्फोर्समेंट लर्निंगचा (करून बघत, बक्षिसावरून शिकण्याचा) नव्हता, प्लॅनिंग करून अडलं की पुन्हा आखणी करणाऱ्यांचा होता, म्हणून आता मीपण आधी प्रत्येक गाडीचा मार्ग आखते आणि थांबायचं की जायचं एवढंच एजंटवर सोडते. पाच गाड्या बऱ्याचदा पोचतात. सहावी टाकली की अजून अडकतात.